कोल्ह्याची व्युत्पत्ती

"वानखडे बाई, कोल्हा ही शिवीच आहे, एवढंच तुम्ही कोर्टाला सांगायचं," अ‍ॅडव्होकेट पांडव म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी माझ्यासमोर ठेवली.

१९९१ सालचा जानेवारी होता. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवत होते. वऱ्हाडी म्हणींमधल्या प्राण्यांवर माझं एक छोटं पुस्तक निघालं होतं. ते कोणी फारसं वाचलं नव्हतं, पण पांडव वकिलांनी ते कुठूनतरी मिळवलं होतं आणि पान चौतीसला खूण घालून आणलं होतं. पान चौतीसवर कोल्हा होता.

वर्तमानपत्र म्हणजे तालुक्याचं चार पानी साप्ताहिक होतं. पहिल्याच पानावर मथळा होता : 'शाळेच्या आवारात कोल्हा.' एका शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी एका तरुण शिक्षिकेला नोकरीवरून घालवण्यासाठी तिच्या चारित्र्याबद्दल कुजबुज सुरू केली आहे, असा तो मजकूर. अध्यक्षांचं नाव नव्हतं, पण संस्थेचं वर्णन असं होतं की तालुक्यातल्या पोरासोरालाही कळावं. अध्यक्षांनी संपादकावर अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार केली होती.

"तक्रारदार कोण?" मी विचारलं. मला ते माहीत होतं.

"अण्णासाहेब पोहनकर. दिगांबर पोहनकर. फार सज्जन माणूस. संस्थेसाठी आयुष्य घातलं."

"संपादकाचं म्हणणं काय आहे?"

"म्हणतो, कोल्हा म्हणजे हुशार, चतुर, यात बदनामी कसली? म्हणून तुमच्यासारखा जाणकार साक्षीदार हवा. शब्दाचा अर्थ, शब्दाचा उगम, सगळं सांगा. विद्वान बाईंचं कोर्ट ऐकतं."

"येईन मी," मी म्हणाले.

इतक्या लवकर होकार मिळेल असं त्यांना वाटलं नसावं. चहा अर्धा ठेवून ते उठले. ते गेल्यावर भास्कर, माझे यजमान, आतून आले.

"कोर्टकचेरीत तू कशाला पडतेस? आपला काय संबंध?"

"शब्दाचा अर्थच तर सांगायचाय," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मी एक आंतर्देशीय पत्र लिहिलं. संपादकाचे वकील उमाटे म्हणून होते, त्यांना. खाली सही केली नाही. 'वानखडे बाईंच्या उलटतपासणीत एकच प्रश्न विचारा : हा शब्द तक्रारदाराला सर्वांत आधी कोणी आणि केव्हा लावला.' बस्स. पत्र मी स्वतः स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या चांगल्या फुगल्या होत्या, हे मला का कोण जाणे अजून आठवतं.

साक्षीचा दिवस फेब्रुवारीतला होता. तालुक्याचं कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, पुढे कडुनिंब, त्याखाली टंकलेखक आणि स्टँपवाले. भास्कर माझ्यासोबत आले होते. नको म्हटलं तरी आले.

पोहनकर व्हरांड्यात बाकावर बसले होते. पांढरा लेंगा, वर बंद गळ्याचा कोट, केस अजून दाट. मी त्यांना सत्तावीस वर्षांनी पाहत होते. ते माझ्याकडे पाहून उठले आणि त्यांनी हात जोडले.

"मॅडम, आपण वेळ काढून आलात. उपकार झाले."

"उपकार कसले," मी म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. त्यांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते, दोन वेण्या घालायची आणि माझं आडनाव ढोके होतं.

अकरा वाजता पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. न्यायाधीश तरुण होते, बदलून नुकतेच आले असावेत. पांडवांनी सुरुवात केली.

"मॅडम, मराठीत माणसाला कोल्हा म्हटलं तर काय अर्थ होतो?"

"धूर्त, लबाड, दुसऱ्याच्या शिकारीवर जगणारा."

"म्हणजे अपमानकारक?"

"हो. अपमानकारकच."

पांडवांनी संपादकाकडे पाहून मान हलवली. "आणि शब्दाचा उगम?"

"या प्राण्याला संस्कृतात दोन मुख्य नावं आहेत. एक शृगाल. ते इराणात गेलं, तिथे शगाल झालं, तुर्कांकडे चकाल झालं आणि इंग्रजांपर्यंत पोहोचलं तेव्हा जॅकल झालं. पण शृगाल या शब्दाचा मूळ अर्थ काय, हे कोणाला खात्रीनं सांगता येत नाही. आपला कोल्हा त्यातून आलेला नाही. तो दुसऱ्या नावातून आला. क्रोष्टा. प्राकृतात त्याचं कोल्हुअ झालं आणि मराठीत कोल्हा."

"क्रोष्टा म्हणजे लबाड?"

"नाही. क्रोष्टा म्हणजे ओरडणारा. आक्रोश हा शब्द त्याच धातूतला."

"बाई, इथे तास घेऊ नका," न्यायाधीश म्हणाले, पण ते हसत होते. "मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच बोलते, साहेब. लबाडी लोकांनी त्याला नंतर गोष्टींमधून चिकटवली. नाव पडलं ते ओरडण्यावरून. एक कोल्हा कुठेतरी तोंड वर करून ओरडतो. बाकीच्यांनी काही पाहिलेलं नसतं. पण एकानं सूर धरला की सगळं रान ओरडायला लागतं. आपण त्याला कोल्हेकुई म्हणतो. त्यामुळे माणसाला कोल्हा म्हणताना खरा प्रश्न एवढाच असतो, की पहिला कोण ओरडला."

पांडवांना हे उत्तर आवडलं नसावं, पण शिवी आहे हे त्यांच्या पदरात पडलं होतं. ते बसले. उमाटे उठले. ठेंगणे, काळा कोट कोपरावर विटलेला. त्यांच्या हातात निळा कागद होता. माझं अक्षर मला पिंजऱ्यातूनही ओळखू आलं.

"मॅडम, कोल्हा हा शब्द तक्रारदारांना या लेखातच पहिल्यांदा लावला गेला का?"

"नाही."

"मग केव्हा?"

"१९६४ साली, श्रावणात. खैरी गावात."

पोहनकरांनी मान वर केली.

"कोणी लावला?"

"माझ्या आईनं."

पांडव उभे राहिले. "साहेब, हे गैरलागू आहे. साक्षीदार शब्दाच्या अर्थासाठी आणला आहे."

"आणलाय तुम्हीच," न्यायाधीश म्हणाले. "तक्रारदारांची ख्याती आधी काय होती, हा प्रश्न या खटल्यात येतो. बोला बाई."

मी बोलले. माझे वडील दौलतराव ढोके खैरीच्या हायस्कुलात शिक्षक होते. त्याआधी ते एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. तिथली एक मुलगी, कौतिका, चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकली. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. पंधराव्या वर्षी ती सासरहून मार खाऊन पळाली. माहेरच्यांनी दार उघडलं नाही, तेव्हा ती अकरा मैल चालत आमच्याकडे आली. बाबांनी तिला ठेवून घेतलं. बाहेरून परीक्षेला बसवायचं ठरवलं आणि रोज संध्याकाळी पडवीत शिकवायला लागले.

"त्या वेळी तक्रारदार कुठे होते?"

"त्याच शाळेत नवे शिक्षक होते. अठ्ठावीस वर्षांचे, एकटेच राहायचे. दोन वेळचं आमच्याकडे जेवायचे. मी त्यांना दिगूकाका म्हणत असे."

पोहनकर माझ्याकडे पाहत होते. "गुरुजींची इंदू," ते हळूच म्हणाले, पण कोर्टात इतकं शांत झालं होतं की सगळ्यांना ऐकू आलं.

"पुढे?" उमाटे म्हणाले.

"त्या श्रावणात गावात बोलणं सुरू झालं, की ढोके गुरुजींनी पोरगी शिकवायला ठेवलेली नाही. आधी शाळेत, मग पाणवठ्यावर, मग देवळात. आठ दिवसांत सगळं गाव बोलत होतं. संस्थेनं चौकशी लावली. चौकशीत एकाच सहकाऱ्यानं लेखी सांगितलं, की गुरुजी त्या मुलीला दार लावून शिकवतात. तो सहकारी म्हणजे तक्रारदार. बाबांना काढून टाकलं. हेडमास्तरची जागा त्यांना मिळायची होती, ती तक्रारदारांना मिळाली."

"आणि तुमच्या आईनं काय म्हटलं?"

"निकाल लागला त्या दुपारी तक्रारदार नेहमीसारखे जेवायला आले. गावाला दिसावं म्हणून आले असतील. आईनं ताट वाढलं. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. आई म्हणाली, 'खा दिगू. ओरडून ओरडून कोल्ह्यालाही भूक लागते.' ते न जेवता गेले. त्या दिवसापासून आमच्या आळीत त्यांचं तेच नाव होतं."

"त्या मुलीचं काय झालं?"

"सासरा आणि तिचा बाप बैलगाडी घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. पोळ्यानंतर ती सासरच्या विहिरीत सापडली."

टाइपरायटरचा आवाज थोडा वेळ चालू राहिला, मग थांबला. उमाटे बसले. निळा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

आता माझ्या मनात एकच होतं. एक प्रश्न मी लिहून दिला होता. दुसरा लिहून द्यायची गरज नव्हती. तो विचारणारा माणूस समोर बसला होता आणि या पृथ्वीवर तो प्रश्न विचारू शकेल असा तो एकटाच होता. मी त्याच्याकडे पाहून हसले. मुद्दाम हसले. पंचावन्न वर्षांच्या माणसाला चारचौघांत असं हसलेलं सहन होत नाही, हे मला माहीत होतं.

पोहनकर उठले आणि पांडवांच्या कानाशी लागले. पांडवांनी एकदा नाही म्हणून मान हलवली. पोहनकरांनी त्यांची बाही धरली.

"फेरतपासणीत एक प्रश्न विचारायचा आहे," पांडव म्हणाले. आवाजात नाराजी होती. "मॅडम, 'दार लावून शिकवतात' ही गोष्ट तक्रारदारांना कोणी सांगितली?"

भास्कर तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांच्याकडे न पाहता मी उत्तर दिलं.

"मी."

"मोठ्यानं सांगा."

"मी सांगितली. मी चौदा वर्षांची होते. दिगूकाका जेवायला बसले होते, मी वाढत होते. त्यांनी विचारलं, गुरुजी कुठे आहेत? मी म्हणाले, तिला शिकवताहेत, दार लावून."

"म्हणजे ही अफवा तुमच्यापासून निघाली." पांडवांना आता थोडा जोर आला. "तक्रारदारांनी ती निर्माण केली नाही."

"खोटं मी बोलले. पडवीला दारच नव्हतं. आमच्याकडे वर्षभर दोन वेळ जेवणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं असेल तर त्यांनी सांगावं."

न्यायाधीश पुढे झुकले.

"वकीलसाहेब, ही गोष्ट साक्षीदारानं सांगितली हे तुम्हाला आत्ता तक्रारदारांनी कानात सांगितलं?"

"साहेब..."

"म्हणजे ती ऐकून त्यांनी चौकशीत लिहून दिली, हे तक्रारदारांना मान्य आहे. पडवीचं काय? दार होतं का, पोहनकर?"

पोहनकर उभे होते. ते पिंजऱ्यात नव्हते, त्यांनी उत्तर द्यायची गरज नव्हती. वकिलानं त्यांना खाली ओढलं असतं तर ते कदाचित वाचले असते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सत्तावीस वर्षांपूर्वी मी ताट वाढताना ज्या आवाजात ते मला रागवायचे त्याच आवाजात म्हणाले, "दार असो नसो. घरातली पोरगी सांगते म्हटल्यावर मी काय समजायचं?"

"लिहून घ्या," न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाले.

मागच्या बाकांवर कोणीतरी घसा खाकरला. मग दाराजवळच्या गर्दीतून अगदी बारीक, खालच्या पट्टीत आवाज आला : कुई. पट्टेवाला धावला, पण कोण ओरडलं ते सापडलं नाही. व्हरांड्यातून दुसरा आवाज आला आणि मग निंबाखालून तिसरा.

बसमध्ये भास्कर खिडकीबाहेर पाहत होते. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "मला सांगितलं नाहीस कधी."

"कोणालाच नाही."

"आज सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. नाही म्हणाली असतीस तर त्याच्याकडे पुरावा काय होता?"

"मग पडवीच्या दाराचा प्रश्नच निघाला नसता. तो सुटला असता."

त्यांनी परत बाहेर पाहिलं. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. पण माझ्या हातचं पाणी घेताना कधीकधी ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत, आणि ते काय शोधताहेत हे मला कळे.

पोहनकरांनी तक्रार मागे घेतली. साप्ताहिकानं माझी साक्ष शब्दशः छापली, माझ्या उत्तरासकट. त्या शिक्षिकेची नोकरी राहिली. पोहनकरांना आधी अध्यक्षपद सोडावं लागलं, मग संस्था, मग गाव. थोरल्या मुलाकडे अमरावतीला राहायला गेले तरी नाव त्यांच्या आधी तिथं पोहोचलं होतं. संध्याकाळी फाटकाशी पोरं यायची आणि कुई करून पळायची म्हणे. म्हातारा काठी घेऊन बाहेर यायचा. नऊ वर्षं हे चाललं, ते मरेपर्यंत. मला ज्यांनी ज्यांनी हे सांगितलं त्यांना मी पुन्हा सांगायला लावलं. ऐकून मला बरं वाटायचं. आज मी पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर आहे, आजही वाटतं. बाबा नोकरी गेल्यावर सात वर्षं पोस्टाबाहेर बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचे आणि तिथेच एका सकाळी कलंडले. त्या सात वर्षांचे नऊ मी वसूल केले.

साक्ष छापून आल्यावर तिसऱ्या रविवारी सकाळी एक माणूस आमच्या दारात आला. तेहेतीस-चौतीस वर्षांचा, धोतर-सदरा, हातात तेच वर्तमानपत्र गुंडाळलेलं.

"वानखडे बाईचं घर हेच काय?"

"मीच ती. या."

तो आत आला. खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. मी पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पेल्याला हात लावला नाही.

"मी श्रावण," तो म्हणाला. "कौतिकाचा भाऊ. तिले नेलं तवा मी सहा वर्साचा होतो. गाडीत तिच्याजवळ मीच बसलो होतो."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"मले वाचता येत नाई. पोरानं वाचून दाखवलं. दोनदा वाचाले लावलं." त्यानं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. "आमच्या घरी आजपावेतो समद्याइले वाटते का तिच्यातच काई खोट व्हती. माय बी तेच म्हनत मेली. म्हनून मले एकच इचाराचं हाये. तिनं तुमचं काय बिघडवलं व्हतं?"

कोर्टात हे कोणी विचारलं नव्हतं. ना उमाट्यांना सुचलं, ना पांडवांना, ना त्या न्यायाधीशांना. घरात भास्करांनीही विचारलं नव्हतं. आतल्या खोलीत त्यांची खुर्ची सरकलेली मला ऐकू आली.

"काही नाही," मी म्हणाले. "बाबांनी आम्हा दोघींना गणिताचा एकच पेपर घातला होता. आठवीचा. मी आठवीत शिकत होते. ती चौथी झालेली, घरी बसून वर्षभर शिकलेली. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. बाबांनी तिची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, इंदू, असं सोडवावं."

"गनितात," तो म्हणाला.

"हो."

"किती जास्ती?"

"चार."

त्यानं वर्तमानपत्र उचललं, उठला, दारात वहाणा घातल्या. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. तो रस्त्यावर उतरला आणि थांबला.

"म्हंजे हुशार व्हती," तो म्हणाला.

"फार."

"आमाले कोनी सांगितलंच नाई," असं म्हणून तो चालायला लागला.